थंडी पुरती जाईपर्यंत जास्वंदीला कात्री लावू नका

हिवाळ्यात अंगणातली बाग आवरायची म्हणजे एका रविवारचं काम, असं मीही धरून चालले होते. नागपुरात मानेवाड्याला आमचं अंगण जेमतेम दहा बाय बारा फुटांचं. एक जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, तुळस, दोन गुलाब, मोगऱ्याच्या दोन कुंड्या, आणि भिंतीला लागून पालक, मेथी, सांभाराचे (कोथिंबिरीचे) वाफे. तण काढलं, पिकली पानं गोळा केली, कुंड्यांची माती मोकळी केली. दोन सकाळींत संपलं. गुलाब ऑक्टोबरातच छाटून झाले होते. अडलं ते जास्वंदीपाशी, आणि तिथे मी जवळपास सात आठवडे अडून बसले.

डिसेंबरात पहिली कडाक्याची थंडी येऊन गेली. जास्वंदीची शेंड्याकडची पानं आधी उकडल्यासारखी मऊ झाली, मग काळी पडून लोंबायला लागली. कढीपत्ता पिवळा होऊन उघडा पडला. तुळस तर दोन रात्रींत गेली. आणि लगेच पाच-सहा दिवस दुपारी छान ऊन, रात्रीही स्वेटर लागू नये अशी हवा. सगळं जग मला कात्री घ्यायला सांगत होतं. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अगं, वाळलं ना ते! काढून टाक, दारात बरं नाही दिसत." माळीदादा म्हणाले, "ताई, बुडापासून मारून देतो, पाहा कशी फुटते ते."

फुटतेच. तिथेच तर नुकसान होतं, आणि ते मी एकदा भोगलंय. 2018 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला मी अशीच घाई केली होती. आमची जुनी जास्वंद, चांगली डोक्याएवढी उंच, गुडघ्यापर्यंत छाटली. तीन आठवड्यांत बोटभर लांब, लुसलुशीत फुटवे आले आणि मी खूश. मग 29 डिसेंबरला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला, शहराच्या नोंदींतला तोवरचा नीचांक. सकाळी फुटवे काळे, आणि छाटलेल्या टोकांपासून खाली साल सुकत गेली. मार्चपर्यंत वाट पाहिली. ते झाड परत आलं नाही. आईने लावलेलं होतं.

म्हणून या वेळी मी हट्टाला पेटले. छाटलं की झाड नवी पालवी काढतं, आणि नव्या पालवीत पाणीच जास्त. पुढच्या थंडीत सगळ्यांत आधी तीच जाते. शिवाय आपण वाचतो तो पारा हवेचा, जमिनीपासून चार फुटांवर सावलीत मोजलेला. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानं आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षाही गार होतात. करपलेली पानं दिसायला वाईट, पण खालच्या डोळ्यांवर, म्हणजे जिथून नवे फुटवे येतात त्या जागांवर, तेच पांघरूण असतं. हे मी माळीदादांना समजावलं. ते नाराज होऊन गेले आणि महिनाभर फिरकले नाहीत.

मग नुसतं थांबणं. दर दोन दिवसांनी जाऊन उभी राहायची आणि हात मागे बांधून परत यायची. जानेवारीत ढग आले, रात्री ऊबदार झाल्या, मला वाटलं संपली थंडी. कात्री बाहेर काढलीसुद्धा. ढग हटले, उत्तरेचं वारं सुटलं आणि तिसऱ्या रात्री पुन्हा हुडहुडी. ढगाळ ऊब ही थंडी गेल्याची खूण अजिबात नाही, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीने दारातल्या त्या काळ्या काड्यांबद्दल विचारलं. प्रत्येकीला तेच उत्तर देताना मला राग येत होता, झाडाचा नव्हे, या घाईचा.

एका गोष्टीने धीर दिला. फांदीची साल नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं आणि ओलं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडं असलं तर गेली. माझ्या फांद्या वरून वीतभर गेल्या होत्या, खाली हिरव्या होत्या. जिथे हिरवं सुरू होतं तिथे लाल लोकर बांधून ठेवली.

हे आधी सांगायला हवं होतं: थंड रात्र येणार असं दिसलं की कुंड्यांना आणि वाफ्यांना दुपारीच पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. संध्याकाळी चार काठ्या रोवून जुनं सुती लुगडं टाका, सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिक पानांना टेकलं की तिथेच पान करपतं. लिंबाचं मात्र वेगळं. आमच्याकडचे संत्रावाले आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, या दिवसांत पाणी तोडून झाडाला ताण देतात, मीही लिंबाला तेच करते, म्हणून त्याला ते दुपारचं पाणी नाही. आणि शेणखत, युरिया काहीही आत्ता घालू नका. पालवीला उठवायचं नाहीये.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लोकरीच्या खाली दोन ठिकाणी मोहरीएवढे लालसर डोळे फुगलेले दिसले. आणखी चार दिवस थांबले, रात्री तशाच ऊबदार राहिल्या. मग कात्री डेटॉलने पुसली आणि डोळ्याच्या अर्धा बोट वर, तिरका काप घेतला. आठ काप, वीस मिनिटं. आता प्रत्येक फांदीवर तीन-तीन फुटवे आहेत. काकू पाहून म्हणाल्या, "हीच का ती?" मी हो म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

तुळस गेली ती गेली, पण तिच्या वाळलेल्या मंजिऱ्या मी टाकल्या नाहीत. डबीत ठेवल्या होत्या, काल कुंडीत चोळून टाकल्या.