पाच कुलीन, तीन गावंढळ

अनुवाद तपासणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी हातात ग्रीक उताऱ्यांच्या एका मराठी संग्रहाचं हस्तलिखित होतं. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सची राज्यव्यवस्था’मधला उतारा वाचताना मी थबकले. इ.स.पू. ५८०च्या सुमाराची गोष्ट. दमासिअस हा आर्कन, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेला अथेन्सचा सर्वोच्च अधिकारी, दोन वर्षं दोन महिने खुर्ची सोडेना, शेवटी त्याला बळानं हुसकावलं. मग तंटे मिटावेत म्हणून दहा आर्कन नेमले गेले: ‘पाच कुलीन, तीन गावंढळ, दोन कारागीर’.

राज्याच्या सर्वोच्च पदावर गावंढळ? मी अनुवादकांना फोन लावला.

“सर, इथे ‘आग्रोइकोस’ला गावंढळ कसं चालेल?”

“अहो बाई, थिओफ्रॅस्टसच्या उताऱ्यात हाच शब्द आहे. तिथे तुम्ही गावंढळ ठेवलात ना? एका शब्दाला एकच प्रतिशब्द, ही माझी शिस्त आहे.”

सर निवृत्त प्राध्यापक, तेव्हा शिस्तीला कारण होतंच. पण हा शब्द त्या शिस्तीत बसत नाही. ‘आग्रोस’ म्हणजे शेत, आपल्या वैदिक ‘अज्र’चं भावंड, त्याला ‘राहणं’ जोडलंय. शेताकडे राहणारा, एवढाच मुळात अर्थ. पुढे शहरातली माणसं त्याच शब्दानं नाक मुरडू लागली. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस यानं आपल्या स्वभावचित्रांत रंगवलेला आग्रोइकोस पायापेक्षा मोठे जोडे घालतो, मोठ्यानं बोलतो, अत्तराला थाइम या रानझुडपापेक्षा जास्त चांगला वास नाही म्हणतो. रस्त्यात कशाचं नवल वाटत नाही, पण बैल, गाढव, बोकड दिसला की उभा राहून बघत बसतो. कुणाला नांगर, टोपली, विळा किंवा पोतं दिलेलं रात्री झोप लागेना म्हणून आठवतं आणि लगेच मागायला निघतो. हे सगळं मी सरांना फोनवर वाचून दाखवलं. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी ओळही: नागरिकांच्या सभेत काय काय झालं ते तो शेतावरच्या मजुरांना सांगतो. म्हणजे हा माणूस सभेला जातो! ज्याच्यावर हसायचं तोसुद्धा मताचा धनी आहे.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो, इ.स.पू. ४३१मध्ये स्पार्टाशी युद्ध पेटून लोकांना शहरात यावं लागलं, तोवर बहुतेक अथेन्सकर गावाकडेच राहत होते. त्यांना सरसकट गावंढळ म्हटलं तर अथेन्समध्ये उरतं कोण?

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातला आग्रोइकोस? स्वतः विनोद करत नाही, दुसऱ्यानं केला तर चिडतो, तो?”

“तो अरसिक, सर. त्याचा गावाशी संबंध उरलेलाच नाही.”

आर्कनांच्या यादीत मला ‘शेतकरी’ हवं होतं. सरांनी ते अडवलं, आणि बरोबरच अडवलं: शब्दात राहण्याचा उल्लेख आहे, कसण्याचा नाही. शेवटी ‘शिवारात राहणारे’ ठरलं. लांबलचक आहे खरं, पण कुणाचा अपमान करत नाही.

फोन ठेवण्याआधी मी त्यांना ‘अथेन्सची राज्यव्यवस्था’च्या पोथीबद्दल विचारलं. त्यांना माहीत होतंच: इजिप्तमध्ये सापडलेल्या, १८९१मध्ये छापून आलेल्या त्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, एका बाजूला इ.स. ७८-७९चे एका शेतीचे हिशेब आहेत. अथेन्सची राज्यव्यवस्था उतरवलीय ती त्याच्या पाठीवर. “तळटीप टाकतो,” सर म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत ती आलीसुद्धा.