तुम्ही स्वतः चित्रं का काढत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि यावेळी पूर्ण सांगते. लग्नात, रिक्षात, पालक सभेत, कुठंही "या कलेच्या मॅडम" अशी ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तुमची चित्रं कुठं बघायला मिळतील वो?" मी कलेचा इतिहास शिकवते म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ना, मुख्य काम जमलं नाही म्हणून बाजूची वाट धरली वाटतं, ते मला आता सोसवत नाही.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्यात मी. हात वाईट नव्हता. बडोद्याला गेले ती मुळातच कलेतिहास शिकायला, चित्रकलेला नंबर लागला नाही म्हणून नव्हे. हे एकदा लिहून टाकलेलं बरं.

आता ते इंटरव्ह्यूचं. एका कॉलेजात पूर्णवेळ जागा निघाली होती, गाव आणि नाव राहू दे. विषय कलेतिहास, जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं. मी सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलच्या देवळांवरच्या नोंदी, मोजमापं, फोटो असं सगळं फायलीत लावून नेलं होतं. पॅनेलवर मधे बसलेल्या सरांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. "पोर्टफोलिओ?" म्हटलं, सर हाच आहे. मग त्यांनी खडू पुढं केला. "फळ्यावर एक हात काढा. फक्त एक हात. मुलांना काय शिकवणार ते कळू दे." मी खडू घेतला, आणि हात न काढता खांब काढला. खाली चौकोन, त्यावर अष्टकोन, त्यावर गोल. आणि बोलायला लागले, की एकच दगड वर जाताना कोन कसे सोडत जातो, घडवणाऱ्यानं आधी काय आखलं असेल आणि कुठं छिन्नी थांबवली असेल. मध्येच ते म्हणाले, "मॅडम, हे ड्रॉइंग नाही, ही आकृती झाली." कडेचे एक जण हसले. आणि मी बोलायची थांबले. जागा गेली त्याचं दुःख केव्हाच ओसरलं, पण मी थांबले हे अजून लागतं, कारण पुढचं वाक्य माझ्याकडं तयार होतं. एसटीत बसल्यावर बघितलं तर बोटांच्या पेरांत खडू तसाच.

त्या वेळची मी म्हणते, हात काढला असता तर त्यांचंच म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं, मी तत्त्वाला धरून राहिले. आजची मी तिला म्हणते, तत्त्व कसलं गं, सगळ्यांसमोर हात वाकडा आला असता तर, ही भीती होती तुला. ती ऐकत नाही. मलाही खात्रीनं सांगता येत नाही.

कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे, सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. जो वाचेल तो विजयी होईल, असं त्यात आहे. तो उजेडात आणला आपल्या सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी. ते स्वतः दगड घडवतात का, असं त्यांना कुणी विचारलं नसेल. मग मलाच का?

पण अप्पा विचारतात तेव्हा माझं हे सगळं भांडण लुळं पडतं. अप्पा चादरीच्या कारखान्यात डिझाइनला होते. ग्राफवर एकेक चौकोन लाल रंगानं भरायचे, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडायची, पत्ते ओवून जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी उचलणाऱ्या यंत्रावर, चढायचे. मोराच्या मानेत सलग जास्त चौकोन भरलेले दिसले की ते कागदावरच बोट ठेवतात, "इथं धागा मोकळा राहतोय, कशाला तरी अडकून ओढला जाईल." मला तो धागा दिसत नाही. मोर कुठून कुठून फिरत चादरीवर आला हे मी तासभर सांगू शकते, ते मन लावून ऐकतात आणि शेवटी म्हणतात, "बरंय की. पण एकदा काढून तर बघ, बाळा." काम करणाऱ्या हाताला काहीतरी कळतं जे मला कळत नाही. त्या पॅनेलसमोर हे मी आजही बोलणार नाही, तुम्हाला सांगतेय.

सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. पोरं हा पेपर पाठ करायचा समजूनच येतात, पद्मपाणी, अजिंठा, लेणं 1, झालं. मी पहिल्या तासाला चादर उलटी करून टेबलावर टाकते. समोरची जमीन, म्हणजे नक्षीभोवतीचा मोकळा भाग, मागं नक्षी झालेली, नक्षी जमीन झालेली. सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली पोरं, ज्यांच्या घरात माग होते, ती एकदम पुढं सरकतात आणि घरी काय ऐकलंय ते सांगायला लागतात, अर्धं तेलुगूत. तेवढा वेळ फळ्यावर काही काढायची गरज कुणालाच वाटत नाही, मलाही नाही.

त्यातल्या दोघीतिघी आता जुने ग्राफ गोळा करतायत. कारखाने बंद पडले तसे हे कागद रद्दीत गेले, काढणाऱ्याचं नाव तर कशावरच नसतं. तुमच्या माळ्यावर असे ग्राफ किंवा पत्त्यांच्या माळा असतील तर विकू नका, आधी मला दाखवा. आणि कुणी काढलेत ते घरात कुणाला आठवत असेल तर आजच विचारून ठेवा.