टेललाइट बदलण्याचा खर्च

मागचा दिवा लागत नाही म्हणून अख्खा टेललाइट बदलायला निघण्याआधी आतला बल्ब पाहावा. जुन्या धाटणीच्या बहुतेक दिव्यांत ब्रेकच्या आणि रात्रीच्या दिव्याची पेटणारी तार (फिलामेंट) एकाच बल्बमध्ये असते आणि तो फार महाग नसतो. एलईडीचा सीलबंद दिवा मात्र बहुधा पूर्णच बदलावा लागतो. माझ्या टेललाइटची प्लास्टिकची काच पार्किंगमध्ये कुणीतरी फोडली, तेव्हा विम्याचा मोह मी टाळला: साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा (भाग जुना झाल्याची घट) कापतात, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला वर 1000 रुपये पदरचे घालावे लागतात, शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो तो वेगळाच. मेकॅनिकने रबरी गॅस्केट तपासूनच नवा दिवा बसवला, कारण तिथून पाणी झिरपले की सॉकेट गंजते.