कच्ची वही, पक्की वही

परवा दुपारी वाण्याची यादी लिहिताना ‘शेंगदाणे’ खोडून ‘साबुदाणा’ केलं आणि सवयीने नवा कागद घेतला. खाडाखोड झालेली यादी मला दुकानात नेववत नाही. वाण्याला काय फरक पडतो, असं घरात सगळे विचारून दमले.

तेवढ्यात फोनवर आपोआप जोसेफ के लागलं. एडिंबराचा बँड, नाव काफ्काच्या कादंबरीतल्या नायकाचं. चार पोरं, गडद कोट, घाईने खरडल्यासारखी गिटार. १९७९ ते १९८१, संपला कारभार. त्यांच्या रेकॉर्डी काढणारी पोस्टकार्ड ही कंपनी म्हणजे तरी काय, ग्लासगोमधल्या अॅलन हॉर्नचा राहता फ्लॅट. बोधचिन्ह ढोल वाजवणारं मांजर, आणि ब्रीद मात्र ‘तरुण स्कॉटलंडचा आवाज’!

या पोरांनी पहिला अल्बम केला, ‘सॉरी फॉर लाफिंग’. तयार झाला, आणि यांनीच रद्द केला. का, तर फार गुळगुळीत झालाय म्हणे. मग ब्रसेल्सला जाऊन झटपट दुसरा उरकला, ‘द ओन्ली फन इन टाउन’. दहा गाणी, अर्धा तास, गिटारींच्या कलकलाटात गाणाऱ्या पॉल हेगचा आवाज पार मागे. समीक्षकांनी नाकं मुरडली. अल्बम बाहेर पडून काही आठवडे होतात न होतात तोच बँड मोडला. एकच अल्बम करून थांबायचं, हे हेगच्या मनात आधीपासून होतं म्हणतात.

म्हणजे पक्की वही फाडली आणि कच्ची बाईंच्या टेबलावर ठेवली!

आमची कच्ची वही आदल्या वर्षीच्या उरलेल्या कोऱ्या पानांची असायची, आईने गोधडीच्या दोऱ्याने शिवलेली. मागच्या पानांवर फुलीगोळा, मधे कुठेतरी चिंचेचा डाग. पक्कीला खाकी कव्हर, आणि आई स्वतः पट्टीने आखून द्यायची तो लाल समास. त्यात एक शब्द खोडला तरी बाई अख्खं पान पुन्हा लिहायला लावत. त्या पानांसाठी मी रडलेय. वर्ष संपलं की पक्क्या वह्या रद्दीत गेल्या. कच्ची एक अजून माळ्यावर आहे, का ते माहीत नाही.

खरं सांगू? तो टाकून दिलेला अल्बम पुढे बऱ्याच वर्षांनी बाहेर आला, आणि मला तोच जास्त आवडतो. शब्द नीट ऐकू येतात. हेगला हे कुणी सांगू नका.

यादी सुवाच्य अक्षरात उतरवली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, सामान घेऊन आले. हिंग राहिला. खोडलेल्या कागदावर होता.