पाच मणक्यांची मान

त्या सोमवारी चिलर ट्रकमधून उतरवलेल्या मालात चार कांगारूंची मान मला आखूड वाटली.

मी क्वीन्सलँडमध्ये कांगारूच्या मांसाच्या प्लांटला क्वालिटीचं काम बघतो, शिक्षण उदगीरला व्हेटर्नरी. इथे शूटर लोक रात्री जंगलात कांगारू मारतात, तिथेच पोट साफ करतात, मुंडकं उतरवतात, कातडीला सरकारी नंबरचा टॅग लावतात आणि सूर्य उगवल्यावर दोन तासांच्या आत माल चिलरमध्ये टांगतात. गोळी मेंदूतच लागली पाहिजे म्हणजे जनावर जागच्या जागी संपतं, हा नियम आहे, धडात भोक दिसलं की आम्ही माल घेत नाही. पण मुंडकं तर जंगलातच राहतं मग गोळी कुठे लागली हे प्लांटला कळणार कसं, तर मानेवरून. मुंडकं कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यातच कापायचं असतं. मानेत ७ मणके असतात, जिराफाला पण ७ आणि उंदराला पण ७, हे फर्स्ट इयरला घोकलेलं. मी बोटाने चाचपून मोजले. पाच. दुसऱ्याला पण पाच, तिसऱ्याला सहा, चौथ्याला परत पाच. म्हणजे मान खालून कापलीये, आणि खालून कापायचं कारण एकच, गोळीची जखम लपवणं.

चारही टॅग एकाच शूटरचे होते, आणि हा माणूस वीस वर्षांपेक्षा जास्त हेच काम करतोय, त्याचा माल मी कधी परत पाठवला नव्हता. चारही रिजेक्ट केले. पैसे किलोवर मिळतात त्यामुळे संध्याकाळी त्याचा फोन आलाच, आधी आवाज चढवून बोलला मग एकदम गप्प झाला. म्हणलं गोळ्या कुठल्या वापरतोयस सध्या? म्हणाला त्याच, .२२३, फक्त या वेळी ६९ ग्रेनच्या मिळाल्या. (.२२३ म्हणजे काडतुसाचा प्रकार, ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप.) मी म्हणलं उद्या येतोय तुझ्याकडे, रायफल साफ करून ठेव.

इथे थोडं सांगतो, कारण घरच्या ग्रुपवर मला नेहमी विचारतात की एवढ्या मोठ्या जनावराला मोठी बंदूक का नाही. लाल कांगारूचा नर ८० किलोच्या पुढे जाऊ शकतो हे खरं, पण नेम असतो मेंदूवर, तो लिंबापेक्षा फार मोठा नाही, आणि अंतर बऱ्याचदा ६०-८० मीटर. तिथे जोर नाही, अचूकपणा लागतो. .३०८ सारखी मोठी रायफल घेतली तर धक्का जास्त, काडतूस महाग, आणि रात्रभर इतके बार काढायचे तर खांदा जातो. उलट साधी .२२ रिमफायर, म्हणजे छोट्या काडतुसाची, फार कमजोर, तिची गोळी जनावर नुसतं जखमी करून सोडू शकते म्हणून मोठ्या कांगारूंसाठी ती चालतच नाही. म्हणून बहुतेक शूटर .२२२, .२२३ नाहीतर .२२-२५० वापरतात, बोल्ट ॲक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने दांडी ओढायची, वर दुर्बीण. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम, पण सुटते सेकंदाला ३२०० फुटांच्या आसपास आणि सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची, असल्यामुळे आत गेल्यावर फुलते, कांगारूला काही कळायच्या आत सगळं संपलेलं असतं. (बोल्ट ॲक्शनच का, तर १९९६ साली पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ लोक मारले त्यानंतर इथे सेमी ऑटोमॅटिक सामान्य माणसाकडून काढूनच घेतल्या, आणि मला हा कायदा मनापासून पटतो.)

मी स्वतः रेंजवर जातो, लायसन्स आहे, त्यामुळे ६९ ग्रेन ऐकल्यावरच डोक्यात घंटी वाजली होती. येताना माझा ५५ चा एक बॉक्स कुलूप लावून घेऊन आलो.

चार्लविल गावाच्याही पुढे, दोन्ही बाजूंना नुसती मुल्गाची झाडं आणि लाल माती. तो वयाने माझ्या बाबांएवढा, इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात पण मी मनात त्याला काकाच म्हणतो. चहा झाला. मग स्वतःच म्हणाला, हो, मानेत लागल्या, मला वाटलं माझे डोळे गेले. दुर्बिणीचे स्क्रू परत आवळले, बायकोला न सांगता डोळे तपासून आला, तरी गोळी जाते कुठे तेच कळेना. कोविडनंतर काडतुसांची टंचाई होती तेव्हा दुकानात नेहमीच्या मिळाल्या नाहीत, दुकानदार म्हणाला या जड आहेत, अजून चांगल्या, म्हणून घेतल्या.

रायफल जुनी. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, गोळी त्यातून भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि फिरते म्हणूनच सरळ जाते. त्याच्या नळीचा पीळ १२ इंचांत एक फेरा. ५५ ग्रेनला बरोबर, पण ६९ ची गोळी लांब असते, तिला ९ इंचांत एक फेरा असा घट्ट पीळ लागतो, नाहीतर डगमगते. थंडीत हवा दाट असते त्याने अजून बिघडतं, आणि जुलैच्या रात्री इकडे पारा शून्याच्या जवळ जातो. वर त्या गोळ्या टार्गेट शूटिंगच्या निघाल्या, शिकारीसाठी बनवलेल्याच नाहीत.

तळ्याच्या बांधाला खोका टेकवला, त्यावर कागद, ८० मीटर. त्याने ६९ च्या पाच झाडल्या. पाच भोकं वीतभर पसरली, त्यातली दोन चक्क लांबट, गोळी तिरकी होऊन घुसलेली. तो कागद हातात घेऊन बराच वेळ नुसता बघत राहिला. मग माझ्या ५५ च्या. दुर्बीण दोन-चार क्लिक फिरवल्यावर पाचही भोकं आपल्या दहाच्या नाण्याखाली झाकली असती एवढ्यात. काका काहीच बोलला नाही, रायफल खाली ठेवली आणि चष्मा काढून पुसत बसला.

रात्री त्याच्या गाडीत बसून गेलो. सर्चलाइटमध्ये डोळे चमकतात, काका इंजिन बंद करतो, श्वास सोडतो, बार. पहिले तीन नर होते तिथेच कोसळले, मी प्रत्येकाजवळ उतरून बघितलं. आमचा प्लांट फक्त नर घेतो, मादीच्या पिशवीत पिल्लू असलं तर त्यालाही मारावं लागतं म्हणून.

अकराच्या सुमाराला दुसऱ्या तळ्याच्या काठी एक लाल नर दिसला, एकटा. लाइट पडला तरी हलला नाही. दुर्बिणीतून बघून काकाने रायफल माझ्याकडे सरकवली, म्हणाला बघ. खालचा जबडा तुटून लोंबत होता. कमरेची हाडं वर आलेली, खाणं बंद होऊन बरेच दिवस झाले असणार, फक्त पाण्याच्या वासाने तिथे येऊन बसला होता. कुणाची गोळी हे सांगता येत नाही, त्या भागात दुसरेही शूटर फिरतात. मी तसं म्हणालोही. काका म्हणाला, हे माझं रान आहे, दहा दिवस मीच इथे होतो.

त्याने एकच गोळी झाडली. मग उतरून जवळ गेला, डोळ्याला बोट लावून खात्री केली आणि तिथेच गुडघ्यावर बसून राहिला. ते जनावर गाडीवर चढवलं नाही.

त्या रात्री पुढे शिकार झालीच नाही. उरलेल्या वेळात आम्ही त्या सगळ्या रानातून लाइट मारत फिरलो, तळ्यांचे काठ, कुंपणाच्या कडा, अजून असा कुणी बसलाय का बघत. पहाटेपर्यंत एकही सापडला नाही. परत येताना त्याने ६९ चे उरलेले बॉक्स माझ्या मांडीवर ठेवले. बुधवारी त्याचे तीन कांगारू प्लांटला आले, मी तिघांचेही मणके मोजले, सात, सात, सात.