नवा म्हणजे केव्हाचा?

काकांचा जुना कॉम्प्युटर गेला तो वळवाच्या पावसात. वीज गेली, आली, परत गेली, परत आली आणि डब्याच्या मागून वास सुटला. काकू म्हणाली, "काहीतरी जळतंय." काका म्हणाले, "जळून झालंय."

नवा डेस्कटॉप आला. त्याला सीडी घालायला फटच नव्हती, हे काकांना दुकानदार निघून गेल्यावर कळलं. त्यांचा मला फोन आला, "अरे, कपाट घेतलं आणि त्याला दारच नाही असं झालंय." म्हणून दिवाळीत साताऱ्याला जाताना फराळाच्या डब्यांबरोबर मी बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्हही पिशवीत टाकला.

ही सगळी धडपड एका सीडीसाठी. काका गणिताचे निवृत्त शिक्षक. ओळखीपाळखीच्यांना पत्रिका करून देतात, एक पैसा न घेता. ज्योतिषावर त्यांचा विश्वास किती, हे मला आजवर कळलेलं नाही. आकडेमोडीवर मात्र पूर्ण आहे. पत्रिकेचा प्रोग्रॅम त्यांनी १९९८ साली घेतला आणि तेव्हापासून दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही.

"काका, मोबाइलवर ढिगाने ॲप आहेत की," मी म्हटलं.

"काढ माझी पत्रिका."

काढली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि मला परत दिला. "लग्न चुकलंय." (आतून काकूचा आवाज आला, "ते सांगायला ॲप कशाला?")

काका जन्मले १९४४ साली. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, महायुद्धापायी, देशभरची घड्याळं एक तास पुढे केलेली होती. घड्याळात सात वाजले म्हणजे एरवीचे सहा. पत्रिकेतलं लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, आणि ती साधारण दर दोन तासांनी बदलते. तो एक तास वजा करायचा राहिला, की माणूस सहज शेजारच्या राशीत जाऊन पडतो. मी वापरलेल्या ॲपला हे ठाऊक नव्हतं. काकांच्या प्रोग्रॅममध्ये मात्र जन्मवेळेच्या शेजारी एक बारीक चौकोन होता आणि त्यापुढे लिहिलेलं होतं: युद्धकाळ. त्या एका चौकोनावर काकांचा जीव होता. खरं सांगायचं तर मीही तिथेच विरघळलो.

सीडी घातली. घरघर झाली. प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवून देणाऱ्या सेटअपच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि निळी पट्टी आली: हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, चालणारी आवृत्ती हवी असेल तर प्रकाशकाला विचारा. सीडीच्या वेष्टनावर प्रकाशकाचा फोन नंबर होता. सहा आकडी.

मग घरगुती उपाय सुरू झाले. पडसं झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एक काढा सांगून जातो, तसं इथेही असतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सीडीवरचं सगळं डिस्कवर उतरवून घेतलं, न जाणो ड्राइव्हच दगा देत असेल. अँटिव्हायरस पाच मिनिटं झोपवला. पुण्याहून भाच्याने फोनवर "कंपॅटिबिलिटीत टाक मामा" असं सांगितलं, तेही केलं. शेवटी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'.

"हा ॲडमिनिस्ट्रेटर कोण?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच."

"मग मी मघापासून सांगतोय ना, चालव म्हणून!"

निळी पट्टी जागची हलली नाही. एखादी गोष्ट बिघडली असेल तर ती कधी वेगळं काहीतरी बोलते, अडखळते, अर्ध्यावर थांबते. दरवेळी तेच शांत उत्तर आलं, म्हणजे बिघाड नाही, नियम आहे. सरकारी कचेरीत टेबलं फिरलेल्या कुणालाही हा फरक आवाजावरून कळतो.

तेव्हा मी काढा सोडून नाडी बघायचं ठरवलं. सेटअपची फाइल सरळ नोटपॅडमध्ये उघडली. काकांना वाटलं मी आता काहीतरी मोडणार. पडद्यावर चौकोन, ठिपके, टोप्या घातलेली रोमन अक्षरं यांचा कचरा सांडला. पण त्या कचऱ्याच्या अगदी डोक्यावर दोन स्वच्छ अक्षरं होती: एम आणि झेड. पूर्वी पत्राच्या माथ्यावर 'श्री' घालत, तशी ही अक्षरं विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलच्या माथ्यावर असतात. मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की या इंजिनिअरने विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळात या फाइलींची घडण ठरवली आणि खूण म्हणून आपली आद्याक्षरं घातली. माणसं वडाच्या खोडावर नाव कोरतात. याने कुठे कोरलं बघा.

त्याच्या खाली थोडं उतरलं की खरी जात कळते. तिथे पी आणि ई अशी अक्षरं असली तर फाइल विंडोज ९५ च्या पिढीची किंवा नंतरची. आमच्या सेटअपमध्ये एन आणि ई होती.

"एन-ई?" काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "आमची शाळा! न्यू इंग्लिश."

"तेच. न्यू एक्झिक्यूटेबल."

"न्यू ना? मग चालत का नाही?"

यावर मला जे हसू आलं ते काकांना बराच वेळ कळलं नाही. एन-ई फाइली निघाल्या १९८५ च्या पहिल्या विंडोजबरोबर. डॉसच्या मानाने त्या नव्या, म्हणून नाव न्यू. नाव ठेवणाऱ्याला त्या दिवशीचं 'नवं' कायम नवं राहणार असं वाटतं. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं १८८० साली. शनिवारवाड्याकडून शिवाजीनगरला नेणाऱ्या पुलाला शंभर वर्षं झाली, तरी जुने पुणेकर त्याला अजून नवा पूलच म्हणतात. काकूची नवी पैठणी माझ्या मुंजीत घेतलेली आहे.

तर हे 'न्यू' १६ बिटी (कॉम्प्युटर एका घासात किती घेतो त्याचं हे माप; आधी १६, मग ३२, आता ६४), आणि नव्या डेस्कटॉपवर विंडोज ११. १६ बिटी प्रोग्रॅम चालवण्याची सोय विंडोजच्या ३२ बिटी आवृत्त्यांत विंडोज १० पर्यंत होती. ६४ बिटी विंडोजमध्ये तो मजला बांधलाच नाही आणि विंडोज ११ ३२ बिटीत निघालंच नाही. एक गंमत मात्र आहे. त्या काळी खूप चालणारे काही ठरावीक जुने सेटअप ६४ बिटी विंडोज चेहऱ्यावरून ओळखतं आणि गुपचूप त्यांच्या जागी ३२ बिटी बदली माणूस उभा करून काम करून देतं. म्हणजे वशिला तिथेही आहे. काकांच्या सीडीची कुणाशी ओळख नव्हती.

मी हात टेकायच्या बेतात होतो. काकूने चहा आणि चिवडा आणून ठेवला आणि चिवड्याची बशी कीबोर्डपासून लांब सरकवली. चहा घेता घेता सीडीवरच्या बाकीच्या फाइलींची नावं वाचत बसलो. बऱ्याच नावांच्या शेवटचं अक्षर काढून तिथे खाली आडवी रेघ ठेवलेली होती. ही दाबून लहान केलेल्या फाइलींची जुनी रीत. त्या उलगडणारी 'एक्स्पँड' ही आज्ञा विंडोजने अजून टाकून दिलेली नाही. काळी खिडकी उघडली, आज्ञा लिहिली, मुख्य प्रोग्रॅमची फाइल मोकळी केली आणि नोटपॅडमध्ये बघितली.

पी-ई!

म्हणजे वाड्यातली माणसं धडधाकट होती, नुसता दिंडी दरवाजा अडकला होता. प्रोग्रॅम ३२ बिटी, सेटअप तेवढा १६ बिटी. असं का केलं असेल? तेव्हा अनेकांकडे अजून जुनं, १६ बिटी विंडोज ३.१ होतं. अशा माणसाने सीडी घातली, तर निदान "तुमच्याकडे हे चालणार नाही" एवढं त्याला समजेल अशा भाषेत सांगता यावं, म्हणून सेटअप मुद्दाम जुन्या पद्धतीचा ठेवत. लोकांना नम्रपणे परत पाठवायला दारात बसवलेला तो म्हातारा, आणि आज त्यालाच कुणी उंबऱ्यात घेईना.

पुढचा तासभर मी सेटअपचं काम हाताने केलं. एकेक फाइल उलगडून एका फोल्डरमध्ये ठेवायची, प्रोग्रॅम सुरू करायचा, तो कुठल्याशा डीएलएलच्या, म्हणजे मदतनीस फाइलीच्या, नावाने ओरडला की ती सीडीवर शोधून आणून द्यायची. लग्नघरात गुरुजी "दर्भ?", "सुपाऱ्या?" करत राहतात आणि आपण पळत राहतो, तसं. त्यात भर म्हणजे ३२ बिटी फाइली ठेवायच्या त्या जागेचं नाव सिस-वाव-६४, आणि ६४ बिटी ठेवायच्या तिचं सिस्टिम-३२. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी आयुष्यभर मुलांना उदाहरण नीट मांडायला शिकवलंय.

प्रोग्रॅम उघडला तेव्हा 'जन्मतारीख'च्या जागी परत टोप्यावाली रोमन अक्षरं. त्याचा मराठी फाँट सीडीवरच एका कोपऱ्यात होता, तो उचलून घातला. अक्षरं सरळ झाली. आणि वेळेच्या रकान्याशेजारी तो बारीक चौकोन आला.

काकांनी चष्मा पुसला. मला उठवून स्वतः खुर्चीत बसले. एका बोटाने, पण न अडखळता, तारीख भरली. साल सवयीने दोनच आकडी, ४४. वेळ भरली. युद्धकाळाच्या चौकोनावर टिचकी मारली. खूण उमटेना. परत मारली. चौकोन राखाडी होऊन बसलेला.

"आता काय झालं रे याला?"

मी वाकून पाहिलं. तारखेपुढे प्रोग्रॅमने आपणहून पूर्ण साल लिहिलं होतं: २०४४. दोन आकडी साल कुठल्या शतकात टाकायचं, याची मर्यादा विंडोजच्या तारखेच्या सेटिंगमध्ये असते आणि नव्या कॉम्प्युटरवर ती २०४९ होती. ती खाली आणून २०२९ केली की काम होणार होतं. मी काकांना तसं म्हणालोही.

काकांनी हात वर करून मला थांबवलं. काही वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले, मग आतल्या दिशेने मान वळवून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? माझा जन्म व्हायला अजून अवकाश आहे. तोवर अर्धा कप चहा होईल का?"