पत्रिका, ऊस आणि उरलेले किलोमीटर

बेळगावाहून निपाणीला जायला माझ्या गाडीला जेवढी वीज लागते, तेवढ्यात ती परत बेळगाव गाठत नाही. रस्ता तोच, अंतर तेच, चालवणारीही मीच. फरक उंचीचा. बेळगाव साधारण साडेसातशे मीटरवर, निपाणी सहाशेच्या आसपास. पेट्रोलची गाडी होती तेव्हा असलं काही डोक्यातच यायचं नाही. काटा एवढ्यानं हलायचा नाही आणि पंप तर जागोजागी. विजेची गाडी आल्यापासून मात्र सीमाभागातले चढ मला एकेक करून पाठ व्हायला लागलेत.

डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालो. निपाणी, चिकोडी, गोकाक आणि परत बेळगाव, असा सव्वादोनशे किलोमीटरचा फेरा. गाडीत मी, मामा, मामी आणि हळदकुंकू लावलेल्या पत्रिकांची पिशवी. मामा सरकारी बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. डेपोत प्रत्येक ड्रायव्हरचं केएमपीएल बघितलं जायचं, म्हणजे लिटरभर डिझेलात गाडी किती पळवली ते. त्यात मामा कायम वरच्या नंबरात, हे मामी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा त्यांनी बसल्याबसल्या वाचला. १०० टक्के, ३१२ किलोमीटर.

"म्हणजे सगळा फेरा करून वर पंच्याऐंशी-नव्वद उरतात की!"

"मामा, तो आकडा गेल्या आठवड्याचा आहे."

त्यांना ते पटलं नाही. विजेची गाडी नव्यानं घेतलेल्या कुणालाच ते पटत नाही. माझ्या गाडीच्या बॅटरीत वापरायला मिळणारी वीज ४० युनिट धरा, घरच्या लाइट बिलात असतात तीच युनिटं. गाडी उरलेल्या युनिटांना मागच्या काही दिवसांच्या खपानं भागते आणि येईल ते किलोमीटर म्हणून दाखवते. आठवडाभर मी कॅम्प, टिळकवाडी, शहापूर असं शहरात फिरले होते, शंभर किलोमीटरला १२.८ युनिटं पडली होती, म्हणून ३१२. गाडीला पुढचा रस्ता दिसत नाही, मागचा आठवतो. काही गाड्या नकाशात ठिकाण टाकलं की पुढचे चढ-उतारही हिशेबात धरतात. माझी त्यातली नव्हे.

जाहिरातीतला आकडा तर याहून वेगळा. तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढतात. आपल्याकडच्या चाचणीचं नाव एमआयडीसी, म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, युरोपच्या जुन्या पद्धतीवरून बेतलेली. तिचे दोन भाग. पहिला शहरी, त्यात वेग ५० च्या वर जात नाही आणि सरासरी १९ च्या आसपास. दुसऱ्यात वेग जातो तो फार तर ९० पर्यंत. एसी बंद, वारा नाही, चढ नाही. त्या रोलरवर ना वंटमुरी घाट आहे ना तवंदी. तो आकडा खोटा म्हणता येत नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो बरा, पत्रिका वाटायला निघताना त्याचा उपयोग शून्य.

काकती ओलांडली आणि हायवे मोकळा मिळाला, तेव्हा मामांसाठी मुद्दाम थोडं अंतर शंभरनं चालवलं. ट्रिपचा खप शंभर किलोमीटरला १७ युनिटांवर गेला. मग ऐंशीवर आणली, तर तो उतरत उतरत १३ वर स्थिरावला. हवेचा अडसर वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीचे शंभर केले की वेग सव्वापट होतो, पण हवा कापायला किलोमीटरमागे दीडपटीहून जास्त वीज जाते. डिझेलच्या गाडीतही हेच होतं, फक्त तिथं इंजिन निम्म्याहून जास्त तेल उष्णतेतच घालवत असतं, म्हणून वेगानं वाढलेला खर्च त्यात झाकून जातो. विजेची मोटार वाया फारसं घालवत नाही, त्यामुळे वेगाचा भुर्दंड लगेच उघडा पडतो.

मामांना आकडेमोडीत रस नव्हता, माझ्या पायात होता. संकेश्वरजवळ पुढं ट्रकांचे लाल दिवे लागले आणि मी थोडं उशिरा पाय काढला.

"अगं, दिवे तिकडं लांबून दिसायलेत, तू इथपर्यंत रेटत कशाला आणलीस? आधीच सोडायची. ब्रेक मारला की डिझेल रस्त्यावर सांडलं म्हणायचं."

डिझेलच्या जागी वीज घातली की वाक्य जसंच्या तसं लागू. लोकांना वाटतं, ब्रेक दाबला की वीज परत बॅटरीत जाते, मग काळजी कसली? जाते, पण सगळी नाही. चाकाकडून मोटारीत, मोटारीतून बॅटरीत आणि तिथून पुन्हा चाकाकडे, या फेऱ्यात ढोबळमानानं तिसरा हिस्सा गळतो. त्यापेक्षा मुळात जास्तीचा वेग घेतलाच नाही तर गळणार काय? कंपनीचं पुस्तक वाचून जे मला नीट उमगलं नव्हतं, ते मामा तीस वर्षं भरलेल्या बसवर करत आले होते.

एका बाबतीत मात्र त्यांचं चुकलं. तवंदी घाटाच्या तोंडाशी, स्तवनिधीच्या अलीकडं, ते म्हणाले, "आता न्यूट्रल कर." डिझेलच्या गाडीतही घाटात न्यूट्रल करणं धोक्याचंच. विजेच्या गाडीत ते वर तोट्याचंही, कारण न्यूट्रलमध्ये मोटार वीज बनवायचं थांबते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मी गिअर डीमध्येच ठेवला, रिजन (पाय काढल्यावर मोटारीनं गाडी धरत वीज परत बनवणं) वाढवलं आणि पाय काढला. गाडी आपसूक धरून धरून उतरली. स्क्रीनवरची हिरवी पट्टी बघून मामी म्हणाल्या, "भरायली बघा!" भरत होती, पण थोडी. घाटाच्या वरती ७६ टक्के होते, पायथ्यालाही ७६. वरून मिळालेली बरीचशी ताकद गाडी पुढं ढकलण्यातच जाते, बॅटरीत पडतं ते उरलंसुरलं. उताराचा फायदा हा असा, टक्का वाढत नाही, खर्च थांबतो.

निपाणीत पोचलो तेव्हा ७५ टक्के. मामांच्या साडूंनी पोह्यांच्या आधी गाडीची चौकशी केली. "लावा की ओ प्लगला, एवढं काय बिल येणार हाय?" पंधरा अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला, तर त्याचा दिवा लाल. अर्थिंग नाही. आपल्याकडं घराघरांत तिसरी पिन असते ती बरेचदा शोभेला. फ्रिज, मिक्सर काही बोलत नाहीत, म्हणून कुणाला कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग सापडल्याशिवाय वीज घेत नाही. साडूंनी पारिजाताखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं. दिवा लालच. शेवटी बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत नुसतीच लोंबत होती. वायरमनला फोन गेला, तो "संध्याकाळी येतो" म्हणाला आणि आम्ही निघालो. निदान त्या घराला आता अर्थिंग मिळेल.

निपाणी ते चिकोडी हा रस्ता हंगामात कारखान्यांचा असतो. ट्रॅक्टर, त्यामागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टरचा पत्ता नाही आणि गाण्यांचा आवाज पार शिवाराच्या टोकापर्यंत. ट्रॅक्टर दिसला की ओव्हरटेकसाठी हात शिवशिवतात. मामा म्हणाले, "असू दे गं, मागनं चल, मुहूर्त काय आज नाही." तीस-चाळीसच्या वेगानं, चांगलं अंतर राखून, पाचटाचा भुगा काचेवर झेलत आम्ही चिकोडी गाठली. खप निघाला शंभर किलोमीटरला साडेदहा-अकरा युनिटं. सबंध दिवसातला सगळ्यात कमी, आणि तोही ज्या रस्त्याला आम्ही शिव्या घालत होतो तिथं.

म्हणून अगदी रांगत चालवावी, असं मात्र नाही. एसी तासाला खातो, किलोमीटरला नाही. तासाला पाऊण युनिट धरलं तर ऐंशीच्या वेगाला शंभर किलोमीटरमागे एखादं युनिट पडतं, पंचविसाला तेच तीन होतं. माझ्या गाडीला चाळीस ते पंचावन्नचा वेग सगळ्यात मानवतो.

चिकोडीत दोन घरं, दोन चहा. पुढं घटप्रभेमार्गे गोकाकला दुपार कलताना पोचलो. तिथल्या पाहुण्यांच्या दारात गाडीभोवती पोरं जमली आणि एका आजोबांनी विचारलं, "ऒंद चार्जिगे एष्ट होगतैत्री?" एका चार्जला किती जाते, हा प्रश्न निपाणीत मराठीतून झाला होता, इथं कन्नडमधून. मी नेहमीचं उत्तर दिलं, तीनशे. खरं उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही.

गोकाकचा धबधबा बघायचा मामींचा हट्ट होता. डिसेंबरात घटप्रभेला पाणी बेताचंच, कड्यावरून चार-पाच धारा पडत होत्या. झुलत्या पुलावर उभं राहिलं की खाली ५२ मीटरचा कडा आणि बाजूला जुनी सूतगिरणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला ही गिरणी याच पाण्याच्या जोरावर फिरायला लागली. उंचीवरच्या वजनात ताकद असते, हे इथल्या माणसांनी गाड्या यायच्या कितीतरी आधी वापरून बघितलंय. हजार लिटर पाणी या कड्यावरून पडलं तर त्यात वीज भरते ०.१४ युनिट. माणसांसकट माझी गाडी १,७०० किलोची, आणि गोकाकहून बेळगाव जवळपास दोनशे मीटर वर. तेवढं वजन तेवढं चढवायला एक युनिट जवळपास पुरं लागतं, वाटेतली गळती धरून १.१.

हा हिशेब पुलावर करायचं कारण, पार्किंगमध्ये गाडी काय दाखवत होती ते बघा. ५२ टक्के, १८६ किलोमीटर. उसामागच्या रांगण्यानं आणि सपाट रस्त्यानं तिचा अंदाज चांगलाच फुगला होता. बेळगाव सत्तर किलोमीटर. मामा म्हणाले, "जाऊन येऊन होतंय की." मी त्यांना किलोमीटर विसरायला लावले आणि टक्क्यांत बोलले. सत्तर किलोमीटरला तेराच्या दरानं ९.१ युनिटं, चढाची १.१, मिळून १०.२. चाळीसातली १०.२ म्हणजे साडेपंचवीस टक्के. घरी पोचू तेव्हा सव्वीस-सत्तावीस उरलेले असतील.

गोकाकची मिठाई, करदंट, घेऊन निघालो. अंकलगीच्या पुढं अंधार पडला तसं मामींनी टेप बंद करायला सांगितला, बॅटरी वाचवायला. टेप आणि एलईडीचे दिवे मिळून शे-दीडशे वॅट. गाडी सत्तरच्या वेगाला आठ-नऊ हजार वॅट घेत होती. टेप चालू राहिला. किलोमीटरचा आकडा मात्र खऱ्या किलोमीटरपेक्षा भरभर उतरत होता आणि मामा तो मोठ्यानं वाचत होते, बसमध्ये कंडक्टर स्टॉप पुकारतो तसे. कणबर्गी आली, शहराचे दिवे दिसले. घरी २६ टक्के, ७१ किलोमीटर. सत्तर किलोमीटर चालण्यात अंदाजातले ११५ गेले होते.

आता गंमत. सकाळपासूनची बेरीज घेतली तर सव्वादोनशे किलोमीटरला ७४ टक्के गेले. त्या दरानं पूर्ण बॅटरीला तीनशे चार किलोमीटर बसतात. सकाळी गाडी म्हणाली होती ३१२. मामांनी टाळी वाजवली, "मग आकडा खराच निघाला की तुझा!" निघाला, कारण जिथनं निघालो तिथंच, त्याच उंचीवर परत आलो. चढ-उतार एकमेकांत वळते झाले, हायवेचा जादा खर्च उसाच्या ट्रॉलीनं भरून काढला. पूर्ण फेऱ्याला तो आकडा बरोबर होता आणि वाटेतल्या एकेका गावी फसवा. अडचण एवढीच, की चार्जिंग संपते ती वाटेतल्याच कुठल्यातरी गावी.

टक्क्यावर तरी डोळे झाकून भरवसा ठेवावा का? एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटरीत व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखं राहतं, त्यामुळे आत किती उरलंय हे गाडीला आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करून ठरवावं लागतं. बारीक चुका साचत जातात. अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरायला सांगतात ते याचसाठी. आणि टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना बघावी. कमी हवा हा असा खर्च आहे, जो कुठल्याच स्क्रीनवर वेगळा दिसत नाही.

गोव्याकडच्या पत्रिका अजून राहिल्यात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून साखळी. जाताना काळजी नाही. खरी परीक्षा येताना, मलप्रभेच्या उगमापर्यंत, म्हणजे कणकुंबीच्या ७९० मीटरपर्यंत गाडी वर चढवायची. नुसत्या चढाला चार युनिटं, म्हणजे दहा टक्के, बाकीच्या नव्वदेक किलोमीटरला तीस, आणि घाटात ट्रक आडवा झाला तर हाताशी पंधरा. मामी म्हणतात पत्रिका कुरिअरनं पाठवा, मामा म्हणतात व्याह्यांना कुरिअर बरं दिसत नाही. पंचावन्न टक्क्यांच्या खाली साखळी सोडायची नाही, एवढं मी दोघांनाही आत्ताच सांगून ठेवलंय.